कामावरून आलेली मुलगी

सेलिकेम माझ्याकडे दोन वर्षं भाड्याने राहिली, पण तिच्या खोलीतून दुसऱ्या माणसाचा आवाज कधी आला नाही. मुलगी लांब पूर्वेला व्होल्टाकडची, एवे भाषा बोलणारी. आमच्या कुमासीत कामापुरती इथली ट्वी भाषा बोलायची आणि बाकीचं पोटात ठेवायची. संध्याकाळी मक्याच्या आंबवलेल्या पिठाचं बांकू एकटीपुरतं घोटत बसायची, ते मला बघवायचं नाही. माझं शिवणयंत्र दाराशीच असतं. मयताचे काळे-लाल कपडे शिवते मी, त्यामुळे कोण कुठे जातं-येतं हे न विचारता कळतं. लोक याला भोचकपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

त्या वर्षी तिला इंटर्नशिप हवी होती. ती प्रयोगशाळेचं शिकत होती, आणि सुटीभर एखाद्या खऱ्या प्रयोगशाळेत काम केल्याशिवाय कॉलेज पुढच्या वर्गात घेणार नव्हतं. बरोबरच्या मुलांना कुणाचा मामा कामी आला, कुणाच्या चर्चचा पाद्री. हिचं या शहरात कोणी नव्हतं. रोज सकाळी इस्त्रीचा पांढरा ब्लाउज घालून, अर्ज घेऊन निघायची आणि दुपारी लाल मातीने पाय भरवून परत यायची. सगळीकडे एकच प्रश्न, तुला कोणी पाठवलं? कोणी नाही म्हटलं की अर्ज टेबलाच्या कडेला आणि ही दाराबाहेर.

सोमवारी कॉलेजला जागेचं नाव कळवायचं होतं. शुक्रवारी ती पायरीवर नुसती बसून होती.

"जेवलीस?" मी विचारलं.

"भूक नाही, आंटी."

"भूक नाही म्हणे. झालंय काय?"

"वर्ष जाणार माझं. बाबा गावभर सांगत सुटलेत, पोरगी कारखान्यात लागणार म्हणून."

मला तिचा रागच आला. शहरात राहायचं आणि शहराची रीत शिकायची नाही. सरबताच्या कारखान्यात प्रयोगशाळा होती; तिथल्या मॅनेजरची आई वारली होती, दुसऱ्याच दिवशी मयत होतं, आणि निम्म्या गोतावळ्याचे कपडे माझ्याच यंत्रावर शिवले होते.

"उद्या तिकडे जा," मी म्हटलं. "रांगेने सगळ्यांशी हात मिळव, टेबलावर ऐपतीप्रमाणे काहीतरी ठेव. भोंग्यावरून नाव पुकारतात. साहेबाच्या कानावर एकदा नाव पडलं की सोमवारी तू परकी नाहीस."

"ओळख नसताना मयताला जायचं?"

"अगं, मयताला आलेल्या माणसाला आजवर कुणी हाकललंय का? कुठून आलात विचारलं तर सांग, कामावरून. एवढ्या मोठ्या कारखान्यात कोण कुणाला ओळखतंय."

माझंच एक काळं लुगडं मी तिच्याभोवती गुंडाळलं आणि तिला पाठवलं.

पुढचं तिने मला त्या संध्याकाळी सांगितलं. गल्लीच्या तोंडाशी मॅनेजरच्या आईचा मोठा फोटो लावला होता आणि खाली बाण काढला होता. बाणाच्या दिशेने गेल्यावर पहिला जो मंडप लागला त्यात ही शिरली. शनिवार होता. आमच्याकडे मयतं शनिवारीच करतात, एका गल्लीत दोन-दोन, तीन-तीन असतात, हे हिच्या लक्षात यायला हवं होतं. उजवीकडून सुरुवात करून तिने नीट हात मिळवले, टेबलाशी गेली, पैसे ठेवले, नाव सांगितलं.

"कुठून आलात?"

"कामावरून."

भोंगा लगेच बोलला, "कामावरून आलेली सेलिकेम आग्बेको." मग तिने मान वर केली. समोर हार घातलेला फोटो टोपीवाल्या एका म्हाताऱ्याचा होता. पुढच्या वळणावरून बँडचा आवाज येत होता, तिकडे मॅनेजरच्या आईसाठी गर्दी लोटली होती. इथे खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि बहुतेक रिकाम्या होत्या.

ती निघणार इतक्यात कपाळाला सुतकाची लाल पट्टी बांधलेली एक बाई उठून आली आणि तिने सेलिकेमला घट्ट धरलं. मेलेल्या माणसाची बहीण, आमा सेरवा. "त्याच्या कामावरून कोणीतरी आलं," एवढंच ती म्हणत राहिली. तिने सेलिकेमला पुढच्या रांगेत नेऊन बसवलं, पाणी आणून दिलं. सेलिकेम बसली. उन्हं चढली, बँड वाजून थांबला, पलीकडच्या मंडपात तिचं वर्ष निघून चाललं होतं, आणि ही बसूनच होती.

दुपारी एक साहेब पाकीट घेऊन आले. पाणीपुरवठ्यातले मिस्टर असिबे. मेलेला यॉ बादू त्यांच्या हाताखालचा, शहराबाहेरच्या तलावावरच्या प्रयोगशाळेत पाणी तपासणारा. टेबलावरच्या माणसाने त्यांना कौतुकाने सांगितलं की तुमच्यातली एक मुलगी सकाळपासून बसून आहे. साहेब येऊन शेजारी बसले.

"तू माझ्या ऑफिसातली?"

"नाही, सर. मी मंडप चुकले."

"मग कळल्यावर उठली का नाहीस?"

"इथे माणसंच कमी आहेत, सर. उठले असते तर दिसलं असतं."

साहेबांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. मग काय शिकतेस विचारलं. तिने सांगितलं, कशाच्या शोधात निघाली होती तेही सांगितलं.

"तलावावर कोणी जायला तयार नसतं," ते म्हणाले. "बादू गेल्यापासून खोली बंद आहे. तू जाशील?"

ती जायला तयार होती.

अशी तिला इंटर्नशिप मिळाली, आणि माझ्या युक्तीने मिळाली असं मी अजून लोकांना सांगते. पण माणसं काही मिळाली नाहीत. फाटकावर पहारेकरी, तोही झोपाळू. खोलीत काचेची भांडी, पाण्याचे नमुने, खिळ्यावर बादूचा कोट आणि टोपी, आणि दोन खुर्च्या. एकीवर जुन्या पँटची शिवलेली गादी, ती त्याची. ही दुसरीवर बसायची. दुपारी पाण्यातल्या औषधाचं प्रमाण शहरात फोनवरून कळवायचं. पहिल्या दिवशी पलीकडचा माणूस सवयीने म्हणाला, "हां, बोल बादू." हिने आपलं नाव न सांगता आकडे वाचून दाखवले.

"आंटी, दिवसभरात माझा आवाज मी ऐकते तो फोनवर आकडे सांगताना," ती म्हणायची. रविवारी ती माझ्या पायरीवर येऊन बसे, आणि मी यंत्र बंद ठेवून तिच्याबरोबर जेवत असे. आमचं बोलणं फारसं व्हायचं नाही. तिला त्या बाईच्या मिठीची टोचणी लागलेली मला दिसत होती.

चाळिसाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर आमा सेरवा भावाचं सामान न्यायला तलावावर गेली. मी त्या दिवशी डबा घेऊन तिथेच होते. बाईने कोट काढला, झटकला, घडी घातली.

"आंटी सेरवा," सेलिकेम म्हणाली, "मी त्यांच्याबरोबर कधी काम केलेलं नाही. मी त्यांना ओळखतही नव्हते. त्या दिवशी मी खोटं बोलले."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हापासूनच. दर रविवारी जेवायला यायचा तो. तिकडे सोबतीला कोण असतं विचारलं की म्हणायचा, दुसरी खुर्ची असते. वर स्वतःच हसायचा."

"मग तुम्ही मला जवळ का घेतलंत?"

"भोंग्यावरून सगळ्या गल्लीने ऐकलं ना, त्याच्या कामावरून कोणीतरी आलं म्हणून. मला तेवढंच हवं होतं, बाळा."

सेलिकेम रडली. दोन वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. बाईने कोट पिशवीत घातला, त्यावर त्याची टोपी ठेवली, गादी मात्र खुर्चीवरच राहू दिली. दाराशी जाऊन ती वळली.

"रविवारी अजून दोघांचंच शिजवते मी. हात ऐकत नाही. येशील का जेवायला?"

सेलिकेमने आधी माझ्याकडे पाहिलं.

"जा की," मी म्हटलं. "विचारतेस काय मला."

त्या रविवारी तिच्या खोलीला कुलूप होतं. मला बरं वाटलं, अगदी मनापासून. मग मी चूल पेटवली, आणि एकटीपुरतं किती घ्यायचं ते मला समजेना.