मरळीची चव

सीमेवरच्या आमच्या मेहकरच्या तळ्यात गुडघाभर पाणी आलं, की आमचे पंक्चरवाले अण्णा दुकान उघडं टाकून गळ घेऊन पाण्यात उभे राहतात. "गप बसा की, मासा ऐकायलाय!" असं गावभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं स्वतःच ओरडतात. मासा गळाला लागला नाही, तर त्याच्या आईला कन्नडमधून शिव्या घालतात.

परवा आम्हाला माशाचं जेवण कबूल करून त्यांनी हातभर मरळ ओढली. तिच्या मागोमाग तांबड्या पिल्लांचा घोळका आला आणि अण्णांच्या पायाभोवती फिरायला लागला. अण्णांनी गळ सोडवला आणि मरळ परत पाण्यात सोडली.

"कामून बघायलाव असं? हिला चव न्हाई."

जेवायला कोंबडी केली. पिल्लं कोंबडीलाही असतात, पण ती काही अण्णांच्या पायाशी आली नव्हती.