दुपारचं खाद्य

मे महिन्यात आमच्या शेडमधल्या कोंबड्यांना दुपारी उपाशी ठेवत, कारण खाल्लं की त्यांच्या अंगातली उष्णता वाढते. आईला ते बघवत नसे. एका दुपारी वडील महाडला आमच्या चिकनच्या दुकानात होते, तेव्हा तिने खाद्य घातलं. थोड्याच वेळात वीज जाऊन पंखे थांबले. आम्ही पाणी मारत राहिलो, तरी कोंबड्या चोची वासून मरत गेल्या. त्याच दुकानावर माझं शिक्षण चाललं होतं.

संध्याकाळी वडील परतल्यावर शेजारी त्यांना म्हणाला, "कापून विका की. कोनाला कळतंय?"

"खानारी आपलीच मानसं ना रे?" म्हणत वडील खड्डा खणू लागले.

आईला ते काहीच बोलले नाहीत. "वरडले आसते तर बरं झालं आसतं," ती पुढे कित्येकदा म्हणाली.