सोफ्याची पाठ

फर्निचरच्या त्या तीन मजली दुकानात तिला सगळे सजावटबाई म्हणायचे. दुसऱ्या मजल्यावर ओळीने अकरा खोल्या मांडलेल्या होत्या. खोल्या कसल्या, तीन भिंतींचे कप्पेच ते. चौथी बाजू उघडी, आणि तिथून गिऱ्हाइकं माना वेळावत पुढे सरकायची. हे अकरा कप्पे ती बावीस वर्षं सजवत आली होती.

तिची एक पद्धत होती. खोलीत सामान लावण्याआधी ती तिथे माणूस राहायला आणायची, मनातल्या मनात. "इथे नुकतं लग्न झालेलं जोडपं राहतंय. दोघांनाही वाचनाचं वेड, पण दिवा एकच घेतलाय," असं म्हणून ती सोफ्यावर दोन पुस्तकं उपडी ठेवायची आणि मध्ये उंच दिवा. दुसऱ्या कप्प्यात निवृत्त जहाज कप्तान, तिसऱ्यात मांजर पाळणारी दातांची डॉक्टर. मॅनेजर हसायचा, पण कप्तानाचा सोफा चार दिवसांत विकला गेल्यावर त्याने हसणं बंद केलं. मॅनेजरचे स्वतःचे नियम दोनच. सोफ्याचं तोंड गिऱ्हाइकाकडे, पाठ कधीही दिसता कामा नये. आणि कामावरच्या माणसांनी मालावर बसायचं नाही. बाईंनी बावीस वर्षं दोन्ही नियम डोळे मिटून पाळले.

तिच्या घरातली बाहेरची खोली मात्र कुणाला दाखवण्याच्या लायकीची नव्हती. एक घडीची खाट, तिच्यावर इस्त्रीची वाट बघणाऱ्या कपड्यांचा डोंगर, कोपऱ्यात नवऱ्याचे खोके. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जगातला प्रत्येक नट आज ना उद्या उपयोगी पडतो, अशी त्याची श्रद्धा होती. दिवसभर दुसऱ्यांच्या खोल्या सजवून आल्यावर स्वतःच्या खोलीला हात लावायचं त्राण तिच्यात उरत नसे. घरातले सगळे स्वयंपाकघरात उभ्या उभ्या बोलायचे आणि आपापल्या खोलीत जायचे. चाललं होतं.

मग सासरे राहायला आले. चौतीस वर्षं बस कंडक्टर म्हणून उभे राहून त्यांचे गुडघे बोलू लागले होते, आणि त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर. "मुलगा गावभर लिफ्टा दुरुस्त करतो आणि बापाच्या इमारतीला लिफ्टच नाही," हा विनोद ते स्वतःच सांगायचे. पण इथे आल्यापासून त्यांचे विनोद आटले. आतल्या लहान खोलीत पलंगाच्या कडेवर बसून राहायचे. ताट आत मागायचे. पंखा लावायचा तरी विचारून लावायचे. पाहुण्यासारखं वागायचं म्हणजे किती, तर आंघोळीला जाताना विचारायचे, "कुणाला घाई नाही ना?"

आठ महिने असे गेले, आणि एका सकाळी चहा घेताना ते मुलाला म्हणाले, "डेपोतला माझा एक दोस्त वृद्धाश्रमात असतो. त्याच्या शेजारची खोली एक तारखेला रिकामी होतेय. मी बोलून ठेवलंय."

"बाबा, आमचं काही चुकलं का?"

"छे रे! तुम्ही सोन्यासारखी माणसं. पण उगाच तुमची खोली कशाला अडवू? तिथे बरोबरीचे लोक आहेत, वेळ जाईल."

त्या दिवशी नवरा डबा घरीच विसरून गेला. सजावटबाईंच्या मात्र जिव्हारी लागलं. सासऱ्यांनी तिला कधी उलट शब्द ऐकवला नव्हता. लेक लहानपणी तापाने फणफणली तेव्हा हाच माणूस दुहेरी पाळी करून रात्रभर उशाशी बसला होता. तो आता हसत हसत घर सोडून निघाला होता, आणि भांडण नसल्यामुळे समजूत तरी कशाची घालायची, हे कुणाला कळेना.

दुपारी दुकानात कप्तानाच्या कप्प्यातली धूळ पुसताना तिला वाटलं, आपल्याला कळलं. अहो, या घरात त्या माणसाला बसायला जागाच कुठे आहे? पलंग ही काय बसायची जागा झाली? एक तारखेला अजून पंचवीस दिवस होते. बाईंनी पदर खोचला.

मग काय विचारता! खोके गच्चीवर गेले, खाट गेली. टीव्हीने खोलीची शोभा जाते म्हणून टीव्ही आत गेला, त्यावर नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं. दुकानातल्या मांडणीतून उतरवलेला एक राखाडी सोफा मॅनेजरने तिला देऊन टाकला. एक भिंत तिने गर्द हिरवी रंगवली, गुडघ्याएवढ्या कुंडीत रबराचं झाड आणलं, मोहरीच्या रंगाचा गालिचा अंथरला. सासऱ्यांसाठी खुर्ची शोधायला तिने पंधरवड्याच्या सुट्ट्या घालवल्या. बैठक उंच हवी, म्हणजे उठताना गुडघ्यांवर जोर येणार नाही. हात रुंद हवेत, म्हणजे चहाचा कप ठेवता येईल. तशी मिळाली तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. सोफा मागच्या भिंतीला, त्याच्याच रांगेत ती खुर्ची, तिच्या डोक्याशी दिवा, सगळ्यांची तोंडं दाराकडे. दारात उभं राहून तिने पाहिलं. बारावा कप्पा! बावीस वर्षांत इतका सुंदर एकही जमला नव्हता.

शेजारीण आली आणि दारातच थबकली. "अगं, हे तुमचंच घर ना?" म्हणाली. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सासरेही आले. खोलीभर नजर फिरवली, खुर्चीच्या हातावरून हात फिरवला, अगदी पुढच्या कडेला टेकून बसले. दहा मिनिटांनी उठले.

"झकास केलंयस हो सूनबाई. येणाऱ्या-जाणाऱ्याला फार आवडेल," म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं. तिसऱ्या दिवशी आलेच नाहीत. घरातलं दुसरं कुणीही तिथे टिकत नव्हतं. लेक सोफ्यावर बसायची, जरा वेळाने उठून स्वयंपाकघराच्या ओट्यावर चढून बसायची.

बाईंनी विचार केला, खोली देखणी आहे, पण ती कुणाची आहे हे दिसत नाही. हिच्यात बाबा दिसले पाहिजेत. इथे तिची बावीस वर्षांची विद्या तिच्यावर उलटली. कप्तानाच्या कप्प्यात जशी तिने दुर्बीण टांगली होती, तशी सासऱ्यांची चामड्याची तिकिटाची बॅग, तिकिटाला भोक पाडायचा पंच आणि छातीवरचा बिल्ला तिने त्यांना न सांगता कपाटातून काढला, काचेच्या चौकटीत बसवून घेतला आणि हिरव्या भिंतीवर बरोबर मधोमध लावला. वर एक छोटा दिवासुद्धा सोडला.

संध्याकाळी सासऱ्यांना हाताला धरून बाहेर आणलं. त्यांनी चौकटीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "मी अजून आहे गं."

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिने तिथल्या तिथे चौकट उतरवली. बॅग काढून हातात दिली तेव्हा तेच तिची समजूत घालायला लागले, "अगं, भिंतीवर शोभत होती की!" हे त्यांचं असं. दुसऱ्याला वाईट वाटू नये म्हणून हा माणूस स्वतःलाच उचलून बाजूला ठेवायचा. त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "मला जमत नाहीये. जाणार ते." एक तारखेला सहा दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात एक म्हातारी बाई आली. मुलगा बिलाच्या रांगेत आणि या दमून थेट कप्तानाच्या कप्प्यातल्या सोफ्यावर बसलेल्या. पलीकडची खुर्ची थोपटून त्या सजावटबाईंना म्हणाल्या, "बस की गं. कधीची उभी आहेस."

"आम्हाला परवानगी नाही."

"कोण बघतंय? बस."

बाई बसल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा स्वतः सजवलेल्या खोलीत आत बसल्या. समोर काय दिसलं? चालायची वाट, त्यावरून जाणारी अनोळखी माणसं, आणि ती माणसं यांच्याकडे बघणारी. म्हातारी काहीतरी सांगत होती, पण ती दिसत नव्हती; दोघी शेजारी शेजारी, दोघींची तोंडं पुढे. ऐकण्यासाठी बाईंना मान पुरती वळवावी लागली.

"खोली छान आहे हो," म्हातारी आपली मान चोळत म्हणाली, "पण गप्पा मारायच्या तर मान मोडायची. एकटं राहणाऱ्याची असेल."

सजावटबाईंनी कपाळावर हात मारून घेतला, आणि तोही म्हातारीच्या देखत. बावीस वर्षं बाई या खोल्या बाहेरूनच बघत होत्या. राहायला माणसं आणली ती मनातली. त्यांना ना बोलायचं होतं, ना एकमेकांकडे बघायचं होतं. आणि घरी तिने काय केलं होतं? चौतीस वर्षं माणसांकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या माणसाला दाराकडे तोंड करून रांगेत बसवलं होतं. शेजारी बसलेली नात त्याला दिसायची नाही, मुलगा दिसायचा नाही. आतल्या पलंगावरून तेवढंच दिसायचं. मग बाहेर यायचं कशाला?

घरी येताच तिने चपला न काढताच सोफ्याला हात घातला. "धरा!" ती नवऱ्याला म्हणाली. सोफा भिंतीपासून सुटला, फिरला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला. मांडणीतला माल तो, त्याची पाठ कुणी बघणार नाही म्हणून तिला नुसतं काळं फडकं ठोकलेलं.

"अगं, दारातून हे दिसणार?" नवरा म्हणाला. "तूच म्हणायचीस, सोफ्याची पाठ म्हणजे पाहुण्याचा अपमान."

"पाहुणा येईल तेव्हा येईल. घरातल्यांचं काय?"

सासऱ्यांची खुर्ची तिने सोफ्यासमोर मांडली, गालिच्याच्या पल्याड. मग स्वतः तिच्यात बसून पाहिलं. समोर सोफ्यावर नवरा आणि लेक, दोघांचे चेहरे पुरते दिसत होते. डावीकडे स्वयंपाकघराचं दार. आणि सोफ्याच्या वरून घराचं दारही. दिवा तिने मध्ये ओढला. झाड आडवं येत होतं, तेही गच्चीवर गेलं. नवऱ्याने संधी साधून टीव्हीचा विषय काढला, तो मात्र फेटाळला गेला.

सासऱ्यांना बोलवायला कुणी गेलं नाही. तिने बजावूनच ठेवलं होतं. लेक सोफ्यावर पाय वर घेऊन आपल्या बसची तक्रार करत होती, की कंडक्टर सुटे पैसे देत नाही, वर ओरडतो. आतून आवाज आला, "कुठल्या मार्गावरचा?"

लेकीने मार्ग सांगितला. पलंग करकरला. सासरे दारात आले, खुर्ची मोकळी दिसली तशी बोलता बोलता तिच्यात बसले, चांगले पाठ टेकून. "ओरडणारच तो. त्या मार्गाला सकाळी श्वास घ्यायला फुरसत नसते. तू चढतानाच सुटे हातात ठेव. आणि असं तोंड करू नकोस, मला दिसतंय." लेक फिदीफिदी हसली. मग त्यांनी एका प्रवाशाची गोष्ट सांगितली, जो झोपेत रोज शेवटच्या थांब्यापर्यंत जायचा. नवऱ्याने ती लहानपणापासून शंभरदा ऐकली होती, तरी तो हसला. सजावटबाई स्वयंपाकघरात भाजी चिरत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांदा नव्हता.

त्या दिवशी ताट आत गेलं नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. पण वृद्धाश्रमाबद्दल सासरे अवाक्षर काढेनात, आणि विचारायची कुणाची छाती होईना. शेजारीण मध्येच डोकावून गेली, काळं फडकं पाहून "कामं चालू आहेत वाटतं अजून?" म्हणाली. बाई नुसत्या हसल्या.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुकानातून यायला तिला जरा उशीर झाला. जिन्यातच सासऱ्यांचा फोनवरचा आवाज ऐकू आला. तिने हलकेच दार ढकललं. सोफ्याच्या पाठीपलीकडे, आपल्या खुर्चीत बसून ते दोस्ताशी बोलत होते.

"...नाही रे, दे ती खोली दुसऱ्या कुणाला. मला नाही जमायचं. संध्याकाळी इथे एकेक जण घरी येतो, मी बसलेला असतो." तेवढ्यात त्यांना ती दिसली. "ठेवतो रे. सून आली."