तीसपैकी नऊ

कमलाबाईंना तीसपैकी नऊ मार्क पडले आणि मी खाली सही ठोकली.

मी तंजावूरच्या एका खासगी हॉस्पिटलात मानसतज्ज्ञ आहे. म्हातारी माणसं विसरायला लागली की त्यांची मेमरी टेस्ट घेतो. आज वार कोणता, आपण कुठं आहोत, मग एक छोटी गोष्ट सांगायची आणि ती परत सांगायला लावायची. फॉर्म तमिळ, म्हणून टेस्टही तमिळमध्ये. बाईंना गोष्टीतला फक्त बैल आठवला. यजमान कुठं आहेत असं विचारलं, तर म्हणाल्या, पापनाशमला, ऑफिसात. यजमान दोन वर्षांपूर्वी वारले होते.

मी 'सीव्हियर' लिहिलं. मुलगा मुरली चेन्नईला असतो. इथल्या राजवाड्यामागच्या घरात एकटं राहायचा बाईंचा हट्ट होता. त्यांना चेन्नईच्या केअर होममध्ये ठेवायचं की नाही, हे माझ्या कागदावर ठरणार होतं.

आडनाव राव, लुगडं नेसायची पद्धत, सगळं मला दिसत होतं. बाई आमच्यातल्याच. पण आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांचा रिवाज असा, की उंबऱ्याबाहेर तमिळ. त्यात मी पुण्याला शिकलेला. होस्टेलची पोरं माझं जुन्या वळणाचं मराठी ऐकायला खोलीत जमायची आणि 'परत बोल ना' म्हणून हसायची. तेव्हापासून मी ते फक्त आईशी बोलतो, तेही हळू.

दहा दिवसांनी मुरली रिपोर्टवर शिक्का मागायला आला. आमच्या विभागाच्या साहेबांनी शिक्का मारायचा राहिला होता. बाई कॉरिडॉरमध्ये बाकावर बसल्या होत्या. तेवढ्यात आईचा फोन आला, जेवलास का म्हणून. मी उत्तर दिलं आणि बाईंनी मान वळवली.

"तू आपल्यातला? मग त्या दिवशी परक्यासारखा का बोललास?"

मी शेजारी बसलो. यजमान कुठं आहेत, हे या वेळी मराठीत विचारलं.

"तेनी गेले की. रथसप्तमीच्या दुसऱ्या दिवशी. पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आले तवर गेले."

तीच गोष्ट मराठीत सांगितली. बाईंनी बैलासकट सगळी परत केली, वर शेतकऱ्याला आळशी म्हणाल्या. मी सगळी टेस्ट पुन्हा घेतली. बावीस. विसरभोळेपणा होता, पण माझ्या कागदावरची बाई ही नव्हती.

मी मुरलीला गाठलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"गेल्या महिन्यात गॅस उघडा ठेवला, तो कुठल्या भाषेत, डॉक्टर?"

तो साहेबांकडून शिक्का मारून घेऊन गेला. दिवसभर कुणी सोबतीला ठेवा, असं मला तेव्हाच सुचायला हवं होतं. ते मला रात्री घरी सुचलं. मी नवा रिपोर्ट लिहिला. साहेब म्हणाले, एकाच पेशंटचे दोन रिपोर्ट, दोन्हींवर सही तुझीच. यातल्या कुठल्या तुझ्यावर विश्वास ठेवू? तोवर मुरलीनं पहिलाच रिपोर्ट होममध्ये दिला होता.

तीन महिन्यांनी मी होमला फोन केला. नर्स म्हणाली, फार गुणी पेशंट, तोंडातून शब्द नाही. यजमानांबद्दल विचारलं तरच बोलतात. तिथं विचारणारे सगळे तमिळ. त्यामुळे यजमान आता रोज ऑफिसला जातात.

माझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न आता मी हातानं लिहिलाय : घरात भांडता कुठल्या भाषेत? आमची माणसं येतात आणि बिनदिक्कत 'तमिळ' लिहितात. मग मी केबिनचं दार लावतो आणि आधी माझं मराठी बाहेर काढतो. हसायचं तर हसू देत.