बांधातलं भोक

भात कालवता कालवता धाकटा भाऊ वसंता पानावरच कलंडला. मी समोरच बसले होते. डॉक्टर येईपर्यंत सगळं संपलं होतं. थोरलाही असाच हृदय बंद पडून गेला. दोघांना ना दारू, ना तंबाखू.

माझी नात सुमन प्रयोगशाळेत काम करते. तिला म्हटलं, "आमच्या बीजातच खोट आहे."

"जनुकं धड असतील गं आजी. पण त्यांच्या आजूबाजूला पुष्कळ भाग असा असतो, की त्यातून काहीच बनत नाही. कुठल्या जनुकाने कधी आणि किती काम करायचं, ते तो ठरवतो. तिथले बारीकसारीक फरक साठत गेले की धोका वाढतो."

"म्हणजे बांध. त्यावर पिकत काही नाही, पण शेतात पाणी किती राहायचं ते तोच ठरवतो."

"तुला सगळीकडे शेतच दिसतं!"

आज भातखाचराच्या बांधावर गेले. बांधावर काही पिकत नाही, म्हणून आमच्याकडे जो तो दर वर्षी तो थोडा छाटतो. त्यात खेकड्याने बोटभर भोक पाडलं होतं आणि पाणी पाझरत होतं. एका भोकाने बांध फुटत नाही. पण आत अशी किती आहेत, ते वरून दिसत नाही. चिखलाचा गोळा दाबून मी भोक बुजवलं. तेवढ्यानेच छाती धडधडली आणि मी मटकन खाली बसले. वाकल्यामुळे असेल, नाहीतर माझ्याही आतला बांध पाझरत असेल. सुमनच्या अंगातही हेच उतरलं असेल का, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

आम्ही तिघं भावंडं होतो. मी उरले आहे.