मंठ्यातला करडा चौकोन

तुरीच्या शेंगा मीठ घालून उकडल्या की त्या वासानं मला मंठ्यातली एक दुपार आठवते. दोन हजारच्या दशकाची अखेर होती. मी बदनापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो आणि शेतीतज्ज्ञ असलेल्या एका मॅडमसाठी तुरीच्या रोगांची वेबसाइट केली होती. झाडाच्या चित्रावर क्लिक केलं की पान मोठं व्हायचं, रोग हळूहळू पसरताना दिसायचा. त्यासाठी मी दोन महिने खपलो होतो. मंठ्याला शेतकऱ्यांच्या मेळाव्यात ती दाखवायची ठरली, पण मंडपातल्या कॉम्प्युटरवर झाडाच्या जागी नुसता करडा चौकोन आला. मी वापरलेलं सॉफ्टवेअर त्यात नव्हतं. स्पर्धेतल्या दुसऱ्या कंपनीचं होतं, आणि एकीच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेलं काम दुसरीच्यात उघडत नसे. मी माझं सॉफ्टवेअर डाउनलोड करायला लावलं. पुढं बसलेले एक म्हातारे म्हणाले, "सर, काहीच दिसून न्हाई राह्यलं. मी तर वाळलेली फांदी घेऊन आल्तो दाखवायला." मॅडमनी फांदी मागून घेतली, नखानं साल सोलली आणि आतली काळी रेघ सगळ्यांना दाखवली. "ही मर आहे, काका, मातीतल्या बुरशीचा रोग. त्या रानात दोन-तीन वर्षं तूर घेऊ नका." "मंग काय पेरू?" "ज्वारी घ्या." लोक जवळ सरकले, विचारत राहिले. मी कोपऱ्यात डाउनलोड किती टक्के झालं ते पाहत बसलो होतो. पुढं काही वर्षांनी दोन्ही कंपन्यांनी ती सॉफ्टवेअरं बंदच केली. म्हाताऱ्यांचं सगळं रान वाळलं होतं की चारच झाडं, हे मी त्यांना विचारलंसुद्धा नाही.