आमच्या घरमालकांची झोप

काळजी करण्याच्या कामात आमच्या घरमालकांचा हात धरणारा माणूस कऱ्हेपासून भीमेपर्यंतच्या मुलखात दुसरा झाला नाही, आणि झाला असताच तर त्याला झोप लागत असेल का, याचीही काळजी आमच्या घरमालकांनीच केली असती. माणसं पैशाची, पोराबाळांची, तब्येतीची काळजी करतात. ती किरकोळ काळजी. हे गृहस्थ ढग आले की पत्र्यांची, ढग गेले की विहिरींची आणि ढग नुसते थांबून राहिले की त्यांच्या मनात काय असेल याची काळजी करत. नव्वदच्या दशकात मी बारामतीला शाळेत नोकरीला लागले, तेव्हा गावाच्या कडेला झालेल्या नव्या वसाहतीत त्यांच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्यानं घेतला. सगळी वसाहत त्यांना तात्या म्हणे, म्हणून आम्हीही तात्याच म्हणू लागलो. भाडेकरू जागा सोडत नाही म्हणून घरमालक घाबरतो, असं मी ऐकून होते. तात्या आम्ही जागा सोडून जाऊ म्हणून घाबरत. मी चार दिवस माहेरी निघाले, तरी जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभे राहत आणि माझ्या हाताकडे बघून म्हणत, "बाई, बॅग जरा मोठी वाटती. परत येनार न्हवं?"

तात्यांनी उभी हयात इंदापूरच्या स्टँडवर एसटीचे कंट्रोलर म्हणून काढली होती, आणि तिथल्या त्यांच्या कथा मी दोन्ही तालुक्यांत ऐकल्या आहेत. "बावड्याला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," असं भोंग्यावरून सांगून झालं, की ते खिडकीतून वाकून गाडी खरोखरच लागली आहे का ते बघत, आणि दिसली की पुन्हा माईक ओढून घाईघाईनं "लागलीय" असं सांगत. गाडी सुटताना कुणी म्हातारी पानाच्या टपरीशी रेंगाळताना दिसली, तर तिला भोंग्यावरून नातेवाइकासारखे रागवत. लोक हसत, पण तात्यांच्या काळात बावड्याची म्हातारी कधी मागे राहिली नाही म्हणतात. निवृत्त झाल्यावर गाड्या गेल्या आणि काळजी तेवढी शिल्लक राहिली. ती मग त्यांनी नगरपालिकेकडे वळवली.

नियम या वस्तूची तात्यांना फार धास्ती. घराभोवती मोकळी जागा किती सोडायची याचा नगरपालिकेचा नियम असतो. तात्यांनी बांधताना तेवढी सोडली. मग नगरपालिकेचा टेप आणि आपला टेप वेगळा निघाला तर, असा घोर लागून आणखी वीतभर सोडली. मग वीत कुणाची धरणार, म्हणून आणखी. ही सगळी जागा शेवटी निघाली जिन्यातून. आमचं सागवानी कपाट त्या जिन्यात पहिल्याच दिवशी अडकलं आणि उलटं फिरवून तात्यांच्या बैठकीत ठेवावं लागलं. आम्ही तिथं राहिलो तेवढी वर्षं ते तिथंच राहिलं. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी मी खाली जाऊन त्यातली साडी काढत असे. मला बघताच तात्या वर्तमानपत्र घेऊन भिंतीकडे तोंड करून बसत आणि त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, चहाची कपबशी माझ्या हातात देत म्हणत, "आज निळी न्हेसा. काल बी हीच न्हेसलेली तुमी."

नगरपालिकेचा लिफाफा आला तर तात्या तो स्वतः कधीच उघडत नसत. आधी देवापुढे ठेवत, मग काकूंच्या हातात देऊन परसात जाऊन उभे राहत. काकू आतून मोठ्यानं सांगत, "पानी साठवू नका, डास व्हत्यात, असं हाय."

"आनि खाली?"

"खाली सही हाय."

"सही कशी हाय? रागानं केल्यागत हाय का?"

असा हा माणूस वर्षातून एक रात्र मात्र गाढ झोपत असे. तात्यांचं घराणं मेंढरं राखणारं. तात्या तेवढे शिकून नोकरीला लागले. थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणत, ते मेंढरांमागेच राहिले. दिवाळी सरली की आबांचा कळप बावड्याकडून निघे आणि बारामती, मोरगाव करत कोकणाच्या अंगाला चालत जाई. घोड्यांवर संसार लादलेला, कोकरं जाळीत, कुत्री मागेपुढे. वाटेत एक मुक्काम आमच्या घरासमोरच्या मोकळ्या जागेत पडे. वसाहतीच्या नकाशात ती जागा बागेसाठी राखलेली होती. नकाशात तिथं हिरवा रंग होता आणि जमिनीवर नुसता मुरूम, विटांचे तुकडे आणि वेड्या बाभळी. आबा घरात येत, भावजयीच्या हातची भाकरी खात, पण झोपायला बाहेर जात. "छताखाली गुदमरतंय," म्हणत. मग तात्याही आपली वळकटी उचलून त्यांच्यामागे जात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅलरीत यावं तर खाली मेंढरांच्या गराड्यात तात्या घोरत पडलेले, अंगावर घोंगडं, ऊन तोंडावर आलेलं, आणि टाकी वाहतेय याचंही भान नाही. काकू मला खुणेनंच गप्प करत. टाकी त्या स्वतः जाऊन बंद करत.

ही रात्रच जायची वेळ आली. वसाहतीत बाग काही होत नव्हती. दोनदा रोपं लावली, दोन्हीदा जळाली. या मुरमात काही उगवायचं नाही, तेव्हा बाग दुसरीकडे न्यावी आणि इथं घरांचे प्लॉट पाडावेत का, असा विषय नगरपालिकेपुढे आला. कुणाची हरकत असेल तर लेखी कळवावी, अशी नोटीस लागली. वसाहतीतल्या लोकांनी ती वाचली, अरेरे म्हटलं आणि जेवायला गेले. तात्या वर आमच्याकडे आले, तेही अनवाणी. "बाई, हरकत लिवायची हाय. तुमचं अक्षर बरं हाय. पर एक सांगा, 'थोरल्या भावाला उतरायला जागा ऱ्हानार न्हाय' असं कारन चालतं का?"

"नाही चालणार, तात्या."

ते खिडकीशी जाऊन खाली बघू लागले. मग म्हणाले, "मग हवा लिवा. म्हाताऱ्या मानसांना हवा लागती."

मी हवा लिहिली. लिहिता लिहिता मला वाटलं, या भोळ्या माणसाच्या एक गोष्ट लक्षातच आलेली दिसत नाही. मी म्हटलं, "पण तात्या, बाग झाली तर तिला कुंपण येईल. मेंढरं आत कोण सोडेल? म्हणजे प्लॉट पडले काय आणि बाग झाली काय, आबांची जागा जाणारच."

"ते मला कळत न्हाय व्हय?" तात्या म्हणाले. "ह्योच घोर हाय की. पर घर एकदा उठलं की उठलं, बाई. बागंवर आभाळ तरी तेवढंच ऱ्हातं."

मी कागदाखाली त्यांची सही घेतली. हरकत दिली खरी, पण मुरूम काही हरकतीनं सुपीक होत नाही. जागा तपासायला नगरपालिकेचे साहेब दिवाळीनंतर येणार असं कळलं, आणि तात्यांनी जेवण सोडल्यातच जमा होतं. त्याच आठवड्यात आबांचा कळप आला. आमच्याकडे शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात. कळप रात्री रानात बसला की लेंडीमुताचं असं खत पडतं की पुढचं पीक बघत राहावं. तात्यांनी आबांना म्हटलं, औंदा एक रात नको, जरा जास्त मुक्काम करा आणि ही जागा खतवा. आबा हातातली भाकरी हातातच धरून हसायला लागले. "आरं, उसाला बसवली, जवारीला बसवली. बागंला कुनी बसवली का कवा?"

"मी बसवतोय न्हवं?" तात्या म्हणाले, आणि स्वतःच्याच आवाजानं दचकले.

वस्तीच्या भागात जनावरं ठेवायची नाहीत, असा नियम नगरपालिकेनं नुकताच केला होता. तो तात्यांना तोंडपाठ होता. म्हणजे नियमाला वीतभर जागा जास्त सोडणारा हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडत होता, आणि मोडताना दोन-अडीचशे मेंढरं घेऊन मोडत होता. त्या दिवसांत त्यांची दशा बघवत नव्हती. मेंढरू ओरडलं की ते त्याला "गप ए" म्हणत. फाटकाचा आवाज झाला की परसात पळत. वसाहतीत कुरकुर सुरू झाली, नाकाला पदर लागले, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या धोतराचा एक सोगा एका कोकरानं खाल्ला. आबा मात्र रोज कळप थोडा पुढे सरकवून बसवत होते, जागेचा कोपरान् कोपरा धरून.

आणि नेमके तेव्हाच साहेब आले. सकाळी जीप थांबली, साहेब उतरले आणि बागेच्या आरक्षित जागेत, नकाशावर हिरवा रंग होता त्या सगळ्या भागात, मेंढरंच मेंढरं बघून तसेच उभे राहिले. तात्या धावत पुढे गेले. हात जोडले आणि वाकलेलेच राहिले. काकू दारात, मी गॅलरीत, आबा काठी टेकून उभे. आणि मग तात्यांच्या मदतीला त्यांची जन्माची सवय धावून आली. ते ताठ उभे राहिले, मूठ तोंडापुढे धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ही मेंढरं बावड्याहून आलेली असून बारामतीमार्गे मोरगावकडे जातील. येथील थांबा तात्पुरता आहे."

साहेबांनी एकदा तात्यांकडे आणि एकदा मेंढरांकडे बघितलं. मग खाली वाकून मूठभर माती उचलली, बोटांनी कुस्करली, वास घेतला. ते वडगाव निंबाळकरकडच्या शेतकऱ्याच्या घरचे होते, हे आम्हाला मागाहून कळलं. "तात्या," ते म्हणाले, "कागदावर काय लिहू मी? मेंढरं?"

"हवा लिवा, साहेब," तात्या काकुळतीनं म्हणाले.

साहेब हसू दाबत जीपमध्ये बसले आणि पाऊसकाळ होईपर्यंत निर्णय थांबवावा, असं त्यांनी लिहून दिलं. पुढचं थोडक्यात सांगते. आषाढ लागेपर्यंत ती जागा अशी हिरवी झाली की वसाहत दारात येऊन बघत राहिली. रोपं लावली ती धरली. नगरपालिकेनं प्लॉटचा विषय सोडून दिला आणि बाग मंजूर केली. पेढे वाटले गेले. तात्यांच्या वाट्याचा पेढा त्यांनी हातातच धरून ठेवला होता. कारण त्याच दिवशी खांब रोवणारी माणसं आली होती. काटेरी तार आली, फाटक आलं, पहारेकरी आला, आणि फाटकावर पाटी आली: फुले तोडू नयेत, जनावरे आत आणू नयेत.

त्या वर्षी दिवाळीनंतर आबा आले, ते कुंपणाबाहेर थांबले. मेंढरं तारेतून तोंड घालून मिळेल तेवढं गवत ओढत होती. तात्या फाटकाशी पहारेकऱ्याला हळू आवाजात काहीतरी विनवत होते. आबांनी तारेवर हात ठेवून आत बघितलं आणि म्हणाले, "रग्गड आलंय की रं." मग तात्यांच्या पाठीवर हात ठेवला. "त्याला कशाला छळतोस? कोवळी झाडं हायेत. मेंढरं आत घातली तर सांजच्याला बोडकं करत्याल. आमी म्होरं जातो." कळप मोरगावच्या रस्त्याला लागला. तात्या रस्त्याच्या मध्यावर उभे राहिले आणि मागून येणाऱ्या गाड्या त्यांना वळसा घालून जाऊ लागल्या. संध्याकाळी बघते तर तात्या वळकटी काखेत मारून स्टँडकडे निघालेले. एसटीत जन्म काढलेला हा माणूस एसटीत बसायला घाबरे, ब्रेकपासून सगळं आतून माहीत होतं ना! पण त्या दिवशी मोरगावच्या गाडीत बसून गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, केसांत गवताच्या काड्या घेऊन, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ करून परत आले. पुढे दरवर्षी असंच चाललं.

मग माझी बदली झाली. कपाट ज्या दारानं आलं त्याच दारानं बाहेर गेलं आणि तात्या त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत बसले. काही वर्षांनी शाळेच्या कामाला बारामतीला गेले तेव्हा त्यांच्याकडे डोकावले. काकू म्हणाल्या, "आबांचं गुडघं गेलं. मेंढरं इकली औंदा. ह्ये बागंत हायेत बघा."

झाडं माझ्या डोक्यावर गेली होती. गवतात पोरं लोळत होती. त्या सगळ्या कल्ल्यात, कडेच्या बाकावर, तात्या मान टाकून झोपले होते. पहारेकरी तोंडाला लावलेली शिट्टी खाली करत माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "काकूंनी सांगून ठेवलंय, या अंगाला शिट्टी वाजवायची न्हाय म्हनून. घरी डोळ्याला डोळा लागत न्हाय त्यांचा. हितं आलं की पडत्यात." या माणसाला आपण केवढं हसलो, आणि आपल्या सगळ्यांची काळजी तो एकटा वाहत होता, असं वाटलं.

मी बाकावर बसले तशी त्यांना जाग आली. त्यांनी मला ओळखलं, पण आधी बघितलं ते माझ्या हाताकडे.

"बॅग ल्हान वाटती, बाई," ते म्हणाले. "मंजी लगीच जानार."

मी बॅग बाकाखाली सरकवली. त्यांचा पुन्हा डोळा लागला. माझी गाडी फलाटावर लागायची वेळ झाली होती. ती मी जाऊ दिली आणि पुढच्या गाडीनं गेले.